नाताळचं झाड, सुरूची फांदी आणि आईचा बर्फ

आगाशीची_बाय (२८ नोव्हेंबर, रात्री १०:४०)

नोव्हेंबर संपत आला की माझ्या डोक्यात दरवर्षी एक किडा वळवळतो. यंदा तो इथे सोडते.

आमचं घर वसईत, आगाशीच्या बाजूला. १९७८ ते ८५ हा माझा लहानपणाचा काळ. तेव्हा आमच्याकडे नाताळचं झाड म्हणजे सुरूची फांदी. पप्पा २२ तारखेला संध्याकाळी एका ओळखीच्या वाडीवाल्याकडून ती आणायचे, सायकलच्या कॅरिअरला आडवी बांधून. शेंडा रस्त्याला घासत यायचा, त्यामुळे घरी पोचेस्तोवर एक बाजू झडलेली असायची. ती बाजू भिंतीकडे. मग तेलाच्या पत्र्याच्या डब्यात ओली रेती, वरून विटांचे तुकडे ठोकून फांदी उभी करायची आणि डब्याला लाल क्रेप कागद गुंडाळायचा. फांदी तरी कलायचीच. खिडकीच्या गजाला सुतळीने बांधली की काम फत्ते.

आता मुद्द्यावर येते. २३ तारखेला रात्री आई आम्हाला आत पिटाळायची आणि बाहेरच्या खोलीचं दार लावून घ्यायची. सकाळी उठून बघावं तर झाडावर बर्फ! कापूस नव्हे हो, कापूस आम्हाला कळत होता, तो येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्याच्या छपरावर असायचा. हा बर्फ खरखरीत होता. बल्ब लागला की बारीक चमकायचा, फांदीला हात लावला की खाली सांडायचा आणि अनवाणी पायाखाली कचकच वाजायचा.

आईला जाऊन दोन वर्षं झाली. मी तिला कधी विचारलंच नाही. पप्पा ८४ वर्षांचे आहेत, त्यांना विचारलं तर म्हणतात, "कापूसच होता गं." यंदा त्यांच्यासाठी तसंच झाड करायचंय. तो बर्फ कशाचा असेल? कुणाकडे असं काही करायचे का? आणि तुमच्याकडे झाड कशाचं होतं तेही सांगा.

---

पेठकरी (२८ नोव्हेंबर, रात्री ११:०५)

छान धागा. थर्माकोल किसून लावला असेल का? आम्ही गणपतीच्या मखराच्या उरलेल्या तुकड्यांचा करायचो. झाड नव्हतं, पण हिमालय होता.

---

आगाशीची_बाय (२८ नोव्हेंबर, रात्री ११:१२)

@पेठकरी, नाही. थर्माकोल अंगाला चिकटतो, कचकचत नाही.

---

जुनी_चाळ (२९ नोव्हेंबर, सकाळी ८:२०)

आमची चाळ गिरगावातली. दुसऱ्या मजल्यावर एकच ख्रिस्ती बिऱ्हाड, त्यांचा मुलगा माझा वर्गमित्र. दहा बाय बाराच्या खोलीत झाड ठेवायचं कुठे? त्याच्या वडिलांनी शक्कल काढली होती. अर्धीच फांदी आणायची, उभी चिरल्यासारखी, आणि भिंतीला खिळ्यावर टांगायची. समोरून बघितलं तर अख्खं झाड.

सजावट म्हणजे आम्ही चाळीतल्या पोरांनी वर्षभर गोळा केलेला माल. त्यात आरेच्या दुधाच्या बाटल्यांची चांदीची झाकणं पहिल्या नंबरावर. सकाळी दुधाच्या केंद्रावरून आल्यावर आईने बाटली उघडायच्या आत झाकण मागून घ्यायचं, चमच्याच्या पाठीने सपाट करायचं, मधोमध सुईने भोक पाडायचं आणि दोऱ्यात ओवायचं. ज्याच्या घरी लेकरू असेल त्याच्याकडे जास्त बाटल्या, म्हणून त्याचा भाव वधारलेला. सिगारेटच्या पाकिटातली चांदी दुसऱ्या नंबरावर. ती कुठून आणलीस हे कुणी विचारायचं नाही असा ठराव होता.

शिवाय गोठा. एके वर्षी गोठ्यातला एक मेंढपाळ फुटला. मी माझ्या दिवाळीच्या किल्ल्यावरचा मावळा नेऊन दिला. त्याच्या हातात भाला होता. मित्राच्या आईने भाल्याच्या टोकाला कापूस गुंडाळला आणि काठी केली. तीन राजे, दोन मेंढपाळ, एक मावळा. फादर घरी आशीर्वाद द्यायला आले तेव्हा बराच वेळ त्याच्याकडे बघत होते, बोलले काही नाहीत.

तुमच्या बर्फाबद्दल मात्र पास.

---

खवचट_काका (२९ नोव्हेंबर, सकाळी ९:०२)

मावळा बेथलेहेमला! हहपुवा (हसून हसून पुरेवाट).

---

टेस्टर (२९ नोव्हेंबर, सकाळी ९:४५)

मेंढपाळाच्या जागी मावळा हे वाचून चहा सांडला.

बाकी कुणी दिव्यांच्या माळेबद्दल लिहिलं नाही म्हणून लिहितो. एकच माळ गणपतीला, दिवाळीला आणि नाताळात शेजाऱ्यांकडे उसनी. एक बल्ब गेला की सगळी माळ ठप्प. बल्ब एकसरीत जोडलेले असायचे ना, चाळीस बल्ब असतील तर २३० व्होल्ट त्यांच्यात वाटून प्रत्येकाच्या वाट्याला सहाच्या आसपास. मग एकेक बल्ब काढून चांगला बल्ब लावून बघायचा. नेमका एकोणचाळिसावा गेलेला असायचा. वडील वैतागून गेलेला बल्ब काढून टाकत आणि तारा थेट जोडत. असं पाच-सहा वेळा झालं की उरलेल्या बल्बांना जास्त व्होल्ट, ते आणखी झगझगीत, आणि आणखी लवकर जाणार. माझं इंजिनिअरिंग तिथे सुरू झालं.

बर्फ: मीठ असेल. जाडं मीठ चमकतं आणि कचकचतं.

---

आगाशीची_बाय (२९ नोव्हेंबर, सकाळी १०:३०)

मीठ मलाही वाटलं होतं. पण आमच्याकडे डिसेंबरातही हवा दमट, मिठाला दोन दिवसांत पाणी सुटलं असतं. अजून एक आठवलं: तिसऱ्या-चौथ्या दिवशी झाडाला मुंग्या लागायच्या. काळ्या नव्हे, बारीक लाल. पप्पा डब्याभोवती हळदीची रेघ ओढायचे.

---

नाकपुडी_होम्स (२९ नोव्हेंबर, सकाळी १०:५१)

अहो, हे आधी सांगायचं नाही का! मुंग्या म्हणजे गोड किंवा पिठूळ काहीतरी. कचकच म्हणजे दाणेदार. चमक म्हणजे स्फटिक. मिळून उत्तर: पिठीसाखर नव्हे, साधी साखर. केस बंद. मानधन श्रीखंडाच्या रूपात पाठवावे.

---

खवचट_काका (२९ नोव्हेंबर, सकाळी ११:००)

त्या काळात रेशनची साखर झाडाला? वसईत सोन्याच्या खाणी होत्या का?

---

नगरी_नग (२९ नोव्हेंबर, दुपारी १:१५)

मी अहमदनगरचा (आता अहिल्यानगर). आमचं घराणं प्रोटेस्टंट, पणजोबा अमेरिकन मराठी मिशनच्या शाळेत शिकलेले. मिशन नगरात १८३१ पासून. आमच्याकडे गोठ्याचं तेवढं प्रस्थ नव्हतं. नाताळ म्हणजे भजनं, टाळ-मृदंगासकट, आणि फराळ. करंज्या, शंकरपाळे, चिवडा, लाडू. शेजारणी म्हणायच्या, तुमची दिवाळी दीड-दोन महिने उशिरा येते. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं नाव घेतल्याशिवाय आजोबांचं एक भजन पुरं व्हायचं नाही.

झाडाचं म्हणाल तर नगरच्या कोरड्या माळावर सुरू कुठला? आमच्याकडे बाभळीची फांदी. हसू नका. बाभळीचा फायदा असा की दोरा-बिरा लागत नाही, काट्याला काहीही टोचता येतं. आजी ज्वारीच्या लाह्या फोडायची आणि आम्ही भावंडं बसून एकेका काट्याला एकेक लाही टोचायचो. संध्याकाळपर्यंत बोटांची चाळण, पण झाड असं पांढरंशुभ्र फुललेलं दिसायचं की बास.

एका वर्षी ते सजवलेलं झाड ओसरीवर ठेवलं आणि सगळे चर्चला गेलो. परत आलो तर आमच्या शेळीने दावं तोडलेलं. पाला, लाह्या, क्रेप कागदाची अर्धी माळ, सगळं फस्त. नुसते काटे शिल्लक. आजी म्हणाली, "येशू गोठ्यातच जन्मला ना, मग तिचाही हक्क आहे." आम्ही रडत होतो.

तर ताई, लाह्या असतील का?

---

आगाशीची_बाय (२९ नोव्हेंबर, दुपारी २:००)

नग, शेळीला माझा नमस्कार. लाह्या नव्हत्या, बर्फ रवाळ होता. रवा! रवा असेल का?

---

नाकपुडी_होम्स (२९ नोव्हेंबर, दुपारी २:०४)

रवा चमकत नाही. केस पुन्हा उघडली आहे.

---

विज्ञानबाई (२९ नोव्हेंबर, दुपारी ४:३०)

मी शाळेत विज्ञान शिकवते. माझा अंदाज तुरटी. गरम पाण्यात तुरटी विरघळेल तेवढी विरघळवायची, फांदी त्यात बुडवून रात्रभर ठेवायची. पाणी गार होताना फांदीवर स्फटिक धरतात. अगदी हिमासारखे दिसतात आणि पायाखाली कचकचतात. पण मुंग्यांचा हिशेब लागत नाही हे कबूल. मुंगी तुरटीकडे फिरकणार नाही.

अवांतर: सुरूला आपण सुया म्हणतो त्या पानं नाहीतच. त्या हिरव्या बारीक काड्या म्हणजे डहाळ्याच. खरी पानं प्रत्येक पेराशी खवल्याएवढी असतात. काडी ओढली की पेरात टकटक तुटते, पोरांना दाखवा. पाइन-देवदाराच्या कुळातलं हे झाड नव्हेच, फळं शंकूसारखी दिसतात म्हणून गंमत. फांदी वाळली की पेरापेरात गळते, म्हणून ओली रेती हवीच.

---

रोखठोक_१ (२९ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:१०)

सगळ्यांच्या आठवणी गोड आहेत, पण एक विचारू का? वसईत कधी बर्फ पडला? नगरात? हे सगळं उसनं नाही का? ज्या देशात सूचीपर्णी झाडं आणि बर्फ आहे तिथे हे शोभतं. आपण बाभळीला लाह्या टोचून कुणाची नक्कल करत होतो? (दुखवण्याचा हेतू नाही.)

---

नगरी_नग (२९ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:२५)

शेळीने तरी नक्कल म्हणून खाल्लं नाही. दिवा घ्या, म्हणजे हलकं घ्या.

---

आगाशीची_बाय (२९ नोव्हेंबर, रात्री ९:३०)

@रोखठोक_१, रागावले नाही. गंमत म्हणजे माझी आजी, पप्पांची आई, अगदी हेच म्हणायची. तिच्या लेखी झाड म्हणजे "इंग्रजांचं खूळ". गोठ्यासमोर ती गुडघे टेकायची, झाडाकडे ढुंकून बघायची नाही.

आणि तिचंही खोटं नव्हतं. वसईत पोर्तुगीज १५३४ ला आले, १७३९ ला चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला. आमची चर्चं, मिस्सा (चर्चमधली प्रार्थना), गोठा हे त्या काळापासूनचं. झाड नंतरचं, इंग्रजी अमलातून मुंबईमार्गे आलेलं. म्हणजे गोठा आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या, आणि झाड तसं कालचं.

गोठ्याला तर आमची पूर्ण शेती असायची! दहा दिवस आधी परातीत माती घालून गहू पेरायचे. २४ तारखेपर्यंत बोटभर हिरवं शेत. मधे आरशाचा तुकडा, तो तलाव. तलावात प्लॅस्टिकचं बदक, गाईपेक्षा मोठं.

---

जडभरत (२९ नोव्हेंबर, रात्री १०:१५)

थोडी भर. सजवलेल्या झाडाची चाल मूळची जर्मन मुलखातली. इंग्लंडात ती घरोघर पसरली ती राणी व्हिक्टोरिया आणि प्रिन्स अल्बर्ट यांचं झाडाभोवतीचं चित्र १८४८ साली 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'मध्ये छापून आल्यावर. विजेचे दिवे न्यूयॉर्कमध्ये १८८२ साली एडवर्ड जॉन्सन यांनी प्रथम लावले, ८० बल्ब, हाताने जोडलेले. गोठा त्याहून जुना, संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली इटलीत ग्रेचो गावी जिवंत बैल आणि गाढव आणून मांडला होता. तेव्हा रोखठोक यांच्या प्रश्नाला उत्तर असं की इंग्रजांनीही ते उसनंच घेतलेलं आहे.

---

टेस्टर (२९ नोव्हेंबर, रात्री १०:२०)

८० बल्ब! एक गेला की कोण शोधत बसलं असेल?

---

पेठकरी (३० नोव्हेंबर, सकाळी ७:५०)

परातीत गहू! अहो, आम्ही किल्ल्यावर अळीव आणि मोहरी पेरायचो. तेच आरशाचं तळं, तेच किल्ल्यापेक्षा मोठं बदक. महाराष्ट्रात ते एकच बदक फिरतंय बहुतेक.

माझी धाकटी बहीण कॉन्व्हेंटात होती. पहिलीत असताना घरी येऊन हट्ट धरला, आपल्याकडे पण झाड पाहिजे. आजी म्हणाली, "आपल्याकडे बाराही महिने आहे," आणि मागच्या अंगणातली तुळस दाखवली. बहिणीने गुपचूप तुळशीला कानातले डूल, रिबिनी आणि भातुकलीच्या खेळातली प्लॅस्टिकची फळं लटकावली. दुसऱ्या दिवशी आजी पाणी घालायला गेली ती तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "लग्न तर झालं की हिचं गेल्या महिन्यात. माहेरपणाला आली असेल." डूल मात्र काढून घेतले, सोन्याचे होते.

---

माडावयली (३० नोव्हेंबर, सकाळी ९:१०)

पेठकरी, आजी भारी!

मी गोव्याची, बार्देशातली. आमच्याकडे झाडापेक्षा नखेत्राचा थाट. बांबूच्या कामट्यांची पाच टोकांची चांदणी, पातळ रंगीत कागद, आत बल्ब. माझा दादा ती दरवर्षी घरीच करायचा. त्याने एकदा हौसेने मोठा बल्ब लावला आणि मध्यरात्रीच्या मिस्साहून परत येताना लांबूनच दिसलं की सगळ्या वाड्यात आमचीच चांदणी जास्त झळकतेय. जवळ आल्यावर कळलं, जळत होती.

आणि ३१ तारखेचा म्हातारा कुणी केलाय का? जुने कपडे, पेंढा, तोंडाला मडकं. त्याला रस्त्यात बसवून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे पैसे मागायचे आणि रात्री बारा वाजता पेटवायचा. आमच्या म्हाताऱ्याला एकदा पप्पांची चालू पँट घातली होती. पुढचं सांगत नाही.

---

जुनी_चाळ (३० नोव्हेंबर, सकाळी ९:४०)

म्हातारा गिरगावातही व्हायचा! आमच्या म्हाताऱ्याच्या पोटात लवंगी फटाके.

---

खवचट_काका (३० नोव्हेंबर, सकाळी ९:४४)

धागा बर्फाचा, पोचला आगीवर. चालू द्या.

---

सोलापुरी_चादर (३० नोव्हेंबर, रात्री ११:३०, ओरेगनहून)

लहानपणीची आठवण नाही, चौतिसाव्या वर्षीची आहे. चालेल ना?

मी सोलापूरचा. झाड बघितलं ते सिनेमात. इथे ओरेगनात आलो. अमेरिकेत नाताळच्या झाडांची सगळ्यात जास्त शेती याच राज्यात. करवत देतात, मळ्यात जा, तुमचं झाड तुम्ही कापा. पुरुषभर उंचीचं झाड व्हायला सात-आठ वर्षं लागतात, हे तिथल्या शेतकऱ्याने सांगितलं आणि माझा हात थबकला. उसाचं पोरगं मी, आमच्याकडे बारा-चौदा महिन्यांत पीक कारखान्यावर.

कापलं. गाडीच्या टपावर ठेवलं. दोरी दारं उघडून आतून न घेता, दारं बंद ठेवून चारी खिडक्यांतून गुंडाळली आणि करकचून गाठी मारल्या. मग लक्षात आलं की आता दारं उघडणार नाहीत. थंडीत, पावसात, बायको खिडकीतून आत गेली. ती आजही प्रत्येक पार्टीत हा किस्सा सांगते आणि दरवेळी खिडकी थोडी लहान होत जाते.

आता लेक बारा वर्षांची आहे. आमच्या झाडावर गणपतीच्या आरासीतली मोत्यांची तोरणं असतात. शेंड्यावर चांदणी असते, पण तिने पहिलीत असताना केलेला कागदाचा आकाशकंदील तिच्याही वर.

---

नेकारकाठची (१ डिसेंबर, दुपारी ३:२०, जर्मनीहून)

आगाशीच्या ताई, तुमच्या आईने दार लावून घेतलं हे वाचून चमकलेच. माझं सासर जर्मन. इथे जुन्या वळणाच्या घरांत झाड २४ तारखेलाच सजतं, आणि मुलांना त्या खोलीत सक्त मनाई. आतून छोटी घंटी वाजली की दार उघडायचं. नवरा म्हणतो, लहानपणी तो किल्लीच्या भोकाला डोळा लावून बसायचा, पण आईने आतून टॉवेल अडकवलेला असायचा.

सासूबाई अजून खऱ्या मेणबत्त्या लावतात. चिमट्याच्या लहान वाट्या फांदीला अडकवायच्या आणि त्यात मेणबत्ती. शेजारी पाण्याची बादली. मी पहिल्या वर्षी त्या झाडापेक्षा बादलीकडेच बघत बसले होते. बाकी सजावट वाळल्या गवताच्या काड्यांच्या चांदण्या आणि काचेचे पातळ गोळे. एक गोळा माझ्या हातून फुटला. सासूबाई काही न बोलता केरसुणी घेऊन आल्या. तो त्यांच्या आजीचा होता हे मला चार वर्षांनी कळलं.

तुमच्या घरी बंद दाराचं कारण काय होतं? मुलांना चकित करायचं, एवढंच?

---

आगाशीची_बाय (१ डिसेंबर, संध्याकाळी ५:००)

मला तरी तेच वाटत होतं. आता मावशीला विचारते. ७९ वर्षांची आहे, भुईगावला असते. फोनवर ऐकू येत नाही, रविवारी जाऊन येईन.

---

हिरवी_फांदी (२ डिसेंबर, सकाळी ११:१५)

तोवर एक विनंती. किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनात जाऊन फांदी तोडू नका. पुष्कळ ठिकाणी ती लागवड वनखात्याची आहे, वाळू आणि वारा अडवायला लावलेली. घराच्या आवारात कुणाचा सुरू असेल तर विचारून घ्या. नर्सरीत कुंडीतलं 'ख्रिसमस ट्री' म्हणून जे मिळतं ते सुरू नव्हे, अरोकेरिया. ते वर्षभर टिकतं, पण सजावटीचा भार टाकलात तर फांद्या लोंबतात.

---

आगाशीची_बाय (७ डिसेंबर, रात्री ९:५०)

उत्तर मिळालं!

मावशीला विचारलं तर ती आधी खुदकन हसली. म्हणाली, "ती पेज गं." तांदळाची घट्ट पेज, त्यात चिमूटभर साखर, चिकटायला बरी म्हणून. रंग द्यायच्या जुन्या कुंच्याने ती फांद्यांवर फासायची आणि ओली असतानाच वरून चाळणीने पांढरी रांगोळी पेरायची. दिवाळी झाली की बाजारात उरलेली रांगोळी मातीमोल भावात मिळायची, आई तेव्हाच दोन किलो आणून कपड्यांच्या पेटीमागे ठेवायची.

मुंग्या पेजेच्या. कचकच रांगोळीची. चमकही तिचीच.

आणि दार? ते आमच्यासाठी लावलेलंच नव्हतं. ते आजीसाठी. घरात सात माणसं, तांदूळ मोजून रांधायचे, आणि सून जेवणातली पेज इंग्रजांच्या खुळाला फासतेय हे सासूला कळलं असतं तर नाताळभर ऐकावं लागलं असतं. म्हणून आजी झोपल्यावर, दार लावून, चिमणीच्या उजेडात. मावशी तेव्हा मदतीला यायची. एका वर्षी रांगोळी नाकात जाऊन दोघींना शिंका सुरू झाल्या, आणि आवाज येऊ नये म्हणून दोघी एकाच उशीत तोंड खुपसून बसल्या होत्या.

घरी येऊन पप्पांना सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. म्हणाले, "कापूसच होता."

---

नाकपुडी_होम्स (७ डिसेंबर, रात्री १०:०२)

पीठ, साखर, स्फटिक. तिन्ही सांगितले होते. श्रीखंडाची वाट बघतो आहे.

---

विज्ञानबाई (७ डिसेंबर, रात्री १०:२०)

रांगोळी! दगडाचीच पूड ती, कण उजेडात चमकणारच. मला सुचायला हवं होतं. तुरटी मागे घेते.

---

रोखठोक_१ (८ डिसेंबर, सकाळी ८:००)

नक्कल हा शब्द मागे घेतो. पेज आणि रांगोळी ही नक्कल नाही.

---

खवचट_काका (८ डिसेंबर, सकाळी ८:०५)

आजचा दिनांक कुणीतरी लिहून ठेवा.

---

आगाशीची_बाय (२३ डिसेंबर, रात्री ११:५५)

केलं. शेजारच्या वाडीतून मागून फांदी आणली, सायकलऐवजी रिक्षातून. शेंडा रिक्षावाल्याच्या कानात जात होता, त्याने वीस रुपये जास्त घेतले.

पहिली पेज पातळ झाली, ओघळून फरशीवर आली. दुसरी घट्ट केली तर गोळे. कुंच्याचा दाब जरा जास्त पडला की काडी पेरात टकटक तुटते (विज्ञानबाई, आठवण झाली). रांगोळी हल्ली पिशवीत मिळते, बारीक दळलेली, आईची जाडी असायची. चाळणीने पेरली तर निम्मी माझ्याच केसांत. लेक आली, बघून म्हणाली, "मम्मी, हा बर्फ नाही, कोंडा वाटतोय."

आता दिवा लावून बसलेय. एका बाजूने, म्हणजे खिडकीच्या बाजूने बघितलं तर जमलंय. ती बाजू पप्पांच्या खुर्चीकडे केली आहे. फांदी कललीच, सुतळीने गजाला बांधली.

---

माडावयली (२४ डिसेंबर, सकाळी ६:३०)

फोटो टाका ना! आणि पप्पा काय म्हणाले?

---

आगाशीची_बाय (२४ डिसेंबर, सकाळी ९:१५)

सकाळी उठून खुर्चीत बसले. बराच वेळ बघितलं. चप्पल काढून पायाने खाली चाचपलं, कचकच वाजलं तसे थांबले. मग म्हणाले, "हळद आण, मुंग्या लागतील."

---

नगरी_नग (२४ डिसेंबर, सकाळी ९:३०)

नाताळच्या सगळ्यांना शुभेच्छा. शंकरपाळे तळतोय, मग वाचतो.

@जुनी_चाळ, तो मावळा कुठे आहे हो आता?

---

जुनी_चाळ (२४ डिसेंबर, रात्री ८:४०)

मित्र चाळ सोडून बोरिवलीला गेला, गोठाही गेला बरोबर. हा धागा त्याला पाठवला होता. आत्ता त्याने फोटो धाडलाय. मावळा आहे, बैलाच्या शेजारी, उजवा पाय गेलाय म्हणून मेणाने चिकटवलाय. भाल्यावरचा कापूस मात्र पडलाय.

---

आगाशीची_बाय (२४ डिसेंबर, रात्री ८:५२)

त्यांना सांगा, मिस्साला निघायच्या आत लावून घ्या.